गोल डोळ्यांचे चिरंजीव

सोमवार, ३ मार्च

ही वही मावशीने दिली. "काय बडबडायचं ते हिच्यात ओक. जेवताना माझं डोकं खाऊ नकोस," म्हणाली. तेव्हा वही, ऐक.

नवी नोकरी लागली. नववी की दहावी, कोण मोजतंय. (मावशी मोजते. दहावी.) माश्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस. मी समजलो बाटल्या धुवायच्या. त्या आहेतच, पण शिवाय माश्या निवडायच्या, धान्य निवडतात तशा. नर इकडे, माद्या तिकडे. मी जहाजाच्या स्वयंपाकघरात भांडी घासली, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रकवर क्लीनर होतो. पण माशीचं बुड बघून ती बाई की बुवा हे सांगायला कोणी पगार देतं, हे ठाऊक नव्हतं.

माणसं तीन. एक सर, सगळ्यात मोठे. ते आले की सगळे उभे राहतात आणि मग ते काहीच बोलत नाहीत. बंद पडलेल्या लिफ्टसारखे मधेच थांबतात. दुसऱ्या बाई, यांच्या हाताखाली मी. तिसरे आचारीकाका, माश्यांचा स्वयंपाक करतात. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, मोठ्या पातेल्यात. मला बघून म्हणाले, "या पाहुणे! किती दिवस मुक्काम?"

आणखी एक काम गळ्यात पडलं. कपाट नंबर दोन. दिसायला फ्रिज, आत कायम सोळा अंश. सकाळ-संध्याकाळ आतला थर्मामीटर बघून रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा. जो आकडा बदलतच नाही तो रोज दोनदा कशाला लिहायचा, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "बदलला तर कळावा म्हणून." हे काय उत्तर झालं!

मंगळवार, ४ मार्च

डोळे फुटायची वेळ आली. माश्यांना गॅस देऊन झोपवतात, भिंगाखाली पांढऱ्या पाटीवर ओततात आणि ब्रशने सारायच्या. मादी मोठी, टोक निमुळतं, पट्टेदार. नर बारका, बुड काळं, डांबरात बसून आल्यासारखं. आणि नराच्या पुढच्या पायावर एक काळा कंगवा असतो. कंगवा! डोक्यावर केस नाही एक, आणि पायावर कंगवा.

माझी अडचण वेगळीच. माशी शब्दच बाईमाणूस. मग नर माशी उठला म्हणायचं की उठली? 'मासा' म्हणावं तर तो पाण्यात जातो. मी बाईंना विचारलं. त्या भिंगातून डोळा न काढता म्हणाल्या, "तू फक्त मोज. व्याकरण पेन्शनीत कर."

तेवढ्यात माझ्या तीस जाग्या झाल्या आणि उडाल्या. काकांच्या चहात दोन पडल्या. काका म्हणाले, "पाहुणे, साखर घातली होती मी."

शुक्रवार, ७ मार्च

आजचा दिवस शाईने खोडून टाकावा असा.

बाईंचा नियम असा: मादी कोषातून बाहेर आली की आठ तासांच्या आत उचलायची, नर जवळ यायच्या आत. अशीला म्हणतात कुमारी, आणि नळीवर लिहायचं 'कु.' त्यासाठी सकाळी सातला यायचं. सातला! मी सातला फक्त झोपेत कूस बदलतो.

आलो. निवडल्या. कोवळ्या माद्यांवर 'कु.' लिहिलं. कोवळ्या नरांवरही 'कु.' लिहिलं. कुमार नाहीत का ते? माझ्या प्रगतिपुस्तकावर सगळी वर्षं 'कु.' होतं, मला कोणी मुलगी समजलं नाही. बाईंनी दोन्ही नळ्या एकाच बाटलीत रिकाम्या केल्या आणि जेवायला गेल्या.

परत आल्या तेव्हा चाळीस कुमारींचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"अरे, आठवड्याचं काम होतं ते!" बाई ओरडल्या. "एका डब्यात चाळीस लग्नं लावलीस तू!"

"तुम्हीच तर ओतलंत," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं. त्यांच्या हातात माश्या उचलायचा चिमटा होता, तो त्यांनी असा दाबला की मला वाटलं आता माझा कान. बाई म्हणजे चिमटाच. बारीक, सरळ, नेमक्या जागी टोचणाऱ्या.

मग मीच तोडगा काढला. पत्रावर नावाआधी लिहितात तसं. नरांना 'चि.', कुमारींना 'कु.', आणि जिचं झालंय तिला 'सौ.' "पोरकटपणा नको," बाई म्हणाल्या. पण संध्याकाळी मांडणीवर एक नळी दिसली, त्यांच्याच अक्षरात: 'सौ., बारा'.

बुधवार, १२ मार्च

पाच दिवस काही घडलं नाही, म्हणून लिहिलं नाही. आज बाईंनी बसवून शिकवलं. मी कधी शिकायला मागितलं होतं? पण शिकवलं.

माणसात वाय असला की मुलगा. माशीत तसं नाही. तिच्यात एक्स मोजतात. दोन असले की मादी, एक असला की नर. वाय असो की नसो. नसला तरी नरच दिसतो, फक्त त्याला पोरं होत नाहीत.

"मोजतं कोण?" मी विचारलं.

"पेशी."

"म्हणजे एकच कुठलीतरी मोठी पेशी?"

"प्रत्येक. आपापलं, शेजारणीला न विचारता."

याने डोकं फिरलं. मी एकच नळी तीनदा मोजली की तीन उत्तरं येतात, आणि माशीच्या पायाची पेशी, जिचं शिक्षण माझ्याहून कमी, ती बरोबर मोजते.

पुढे ऐक. मोजणी झाली की निकाल खाली पोचवावा लागतो. एक जनुक दुसऱ्याला सांगतं, दुसरं तिसऱ्याला. कपाट नंबर दोनमधल्या माश्यांचा एक निरोप्या आजारी आहे. थंडीत काम करतो. उकाड्यात भोवळ येऊन पडतो. निरोप अडकला की दोन एक्सवाली, जी मादी व्हायची, ती कंगवा लावून, काळं बुड घेऊन, नर बनून बाहेर येते. मोठी अळी कोष करायला निघते ते दिवस सगळ्यात नाजूक.

"मग खरा नर कुठला ते कसं कळतं?"

"खऱ्या नरांच्या वायवर मी खूण बसवलीय. त्यांचे डोळे चिरीएवढे अरुंद असतात. वाय नाही, तर डोळे गोल."

मग त्यांनी कपाटावर हात ठेवला, बाळाच्या डोक्यावर ठेवतात तसा. "हे मूळ घराणं आहे. चार वर्षं सांभाळलंय. माझे सगळे प्रयोग यातूनच निघतात. बावीस एप्रिलला समिती बसणार, मला आणखी वर्ष द्यायचं की नाही ते ठरवायला. हे घराणं गेलं की मी गेले."

मी हो हो म्हटलं. खरं सांगायचं तर तेव्हा खिडकीत एक कबूतर तार चोचीत धरून मागे मागे चालत होतं आणि माझं लक्ष तिथे होतं. पण लिहिताना सगळं आठवलं, म्हणजे कान उघडे होते म्हणायचं.

शुक्रवार, २१ मार्च

उकाडा, उकाडा, उकाडा. माश्यांना सोळा अंश आणि माणसांना काय? आमच्या खोलीत भिंतीला विजेचं भोक एकच, त्यात कपाटाचा प्लग. आज जेवणानंतर मी तो काढला आणि पंखा लावला. निवडणी करताना घाम भिंगावर टपकत होता, काय करणार! जाताना परत लावायचा.

शनिवारपासून सोमवारपर्यंत इमारत बंद, पाण्याच्या टाक्यांची दुरुस्ती आहे. मी तरी रोज एकदा येऊन आकडा लिहावा असं बाईंचं म्हणणं. मी मान हलवली. आणि आत्ताच तिन्ही दिवसांचे आकडे भरून मोकळा झालो. १६, १६, १६. दुसरं काय येणार आहे? आमचा जुना ट्रकवाला उद्या पहाटे समुद्राकडे निघतोय. तिकडे एक दीपगृह आहे, जिन्याला एकशे नव्वद पायऱ्या. मी अजून एकही दीपगृह आतून पाहिलेलं नाही.

मंगळवार, २५ मार्च

पायऱ्या एकशे ब्याऐंशीच निघाल्या. वर गेल्यावर रखवालदार म्हणाला, दिवा बघायचा असेल तर परवानगी आणा. एवढं चढून! माणसं चढायच्या आधी का सांगत नाहीत?

सकाळी प्रयोगशाळेत सगळ्यांत आधी मीच. पंखा चालू होता. तीन दिवस रिकाम्या खुर्चीला वारा घालत बसला होता. कपाट गप्प. आतला थर्मामीटर एकतीस.

प्लग बदलला. जेवणापर्यंत सोळा झाले. अळ्या बघितल्या, मजेत वळवळत होत्या. मेलं कोणी नाही, बिघडलं काही नाही. उगाच माणूस घाबरतो. रजिस्टरमध्ये आजचं १६ लिहिलं, आणि ते खरं आहे.

काका म्हणाले, "पाहुणे, अजून आहात? मी पैज हरलो."

मंगळवार, ८ एप्रिल

गोंधळ. कपाट नंबर दोनमधल्या मधल्या मांडणीच्या नळ्यांत माद्याच निघेनात. सगळे चि. आणि त्यातल्या निम्म्यांचे डोळे गोल. टुणटुणीत गोल.

बाई भिंगावरून उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, परत बघितलं. "यांना काय लिहू?" मी विचारलं. त्यांनी पुढची नळी पाटीवर ओतली. मी आपलं 'चि.?' लिहिलं.

मला विचाराल तर खिडकीची जाळी फाटलीय. मी दोनदा सांगितलं होतं. कोण ऐकतंय.

बुधवार, ९ एप्रिल

सर आले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली. बराच वेळ भिंगात बघून म्हणाले, "गोल डोळ्यांचे नर. बाहेरच्या माश्या घुसल्यात. घराणं भेसळलं."

"सर, त्या आपल्याच असतील," बाई म्हणाल्या. "दोन एक्सवाल्या, नर झालेल्या."

"त्यासाठी कपाट तापायला हवं. तापलं होतं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ते शक्य नाही. रजिस्टर आहे. हा मुलगा रोज दोनदा लिहितो, सुट्टीतसुद्धा येऊन लिहिलंय."

आणि माझ्याकडे बघून हसल्या. पहिल्यांदाच. मला काय करावं कळेना, मी बूच चाचपत बसलो.

"म्हणजे भेसळच," सर म्हणाले. "शुक्रवारी सगळ्या नळ्या उकळा. समितीला मी सांगेन."

बाईंनी नुसतं "हो" म्हटलं. नंतर दिवसभर त्या नळ्या पुसत होत्या. उकळायच्या नळ्या कोण पुसतं?

गुरुवार, १० एप्रिल

जेवायला घरी आलो होतो. मावशी मशीनवर बसून पडदे शिवत होती. तोंडात टाचण्या. "तुझ्या त्या माश्यांना झालं काय? तोंड पाडून बसलायस."

मी सगळं सांगितलं. निरोप्या, भोवळ, गोल डोळे.

मावशीने टाचण्या काढल्या. "मग तापल्या असतील."

"अगं, कपाट कायम सोळाला..." मी म्हणालो, आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

पंखा.

मी किती मोठा गाढव आहे हे लिहायला ही वही पुरणार नाही. पंधरा दिवस डोळ्यांसमोर होतं. बारा तारखेचं पान काढून वाचलं. माझ्याच अक्षरात: 'मोठी अळी कोष करायला निघते ते दिवस सगळ्यात नाजूक.' लिहिलं मीच, वाचलं कोणी नाही.

आता नुसतं जाऊन तोंडाने सांगितलं तर? सर म्हणतील, रजिस्टर सोळा म्हणतंय, हा एकतीस म्हणतोय, बाईंना वाचवायला बोलतोय. पुरावा म्हणजे ही वही. आणि वहीत काय काय आहे! लिफ्ट आहे. चिमटा आहे. दीपगृह आहे.

एकवीसचं पान फाडून नेता येईल, त्याच्याच पाठीवर पंचवीस आहे. पंचवीस तर हवीच. पण फाडलेलं पान कोण खरं मानणार?

दाराआड माझी सॅक भरलेली असते, कुठेही गेलो तरी. ती काढायला गेलो तर रिकामी. मावशीने तिच्यात कापडाचे तुकडे कोंबलेत. "जागा अडवत होती," म्हणाली. "कपडे तुझे फळीवर लावलेत." मला न विचारता! या घरात माणसाची म्हणून एक वस्तू राहत नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

सातला गेलो. काकांनी पातेलं चढवलं होतं, माश्यांच्या खाण्याचं नाही, उकळायचं. मी म्हणालो, "काका, गॅस बंद करा." ते म्हणाले, "का?" मी म्हणालो, "बंद करा हो!"

वही बाईंच्या हातात दिली, एकवीसचं पान उघडून. त्यांनी ते वाचलं, मग पंचवीसचं वाचलं, आणि मग, हे मला नको होतं, पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. घड्याळ पाच मिनिटं मागे आहे. मग त्या उठल्या आणि वही घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. मला बोटाने बोलावलं.

सर वाचत होते. मधेच थांबले. "ही बंद पडलेली लिफ्ट कोण?"

"लिफ्टच, सर," मी म्हणालो. "तळमजल्यावरची."

"आपल्या इमारतीत लिफ्ट नाही."

बाई खोकल्या. मग टेबलावर नळ्यांची यादी मांडली. "एकवीस तारखेला ज्या नळ्यांत मोठ्या अळ्या होत्या, गोल डोळे फक्त त्यांतच आहेत. ज्या आधीच कोषात होत्या त्या ठीक. ज्यांत नुसती अंडी होती त्याही ठीक. सर, बाहेरची माशी घुसली असती तर तारखा बघून घुसली असती का?"

सरांनी यादीवरून बोट फिरवलं. मी मनात लिफ्टचे मजले मोजले. मग ते म्हणाले, "परीक्षा करा. या गोल डोळ्यांना कुमारी द्या. बाहेरचे असतील तर अळ्या होतील. तुमच्या असतील तर काही होणार नाही. एकवीसपर्यंत वेळ. तोपर्यंत उकळू नका." मग माझ्याकडे बघितलं. "खोटं रजिस्टर आणि खरी डायरी. याचाही निकाल एकवीसला."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बाई, चिमट्याचं..."

"चिमटा उचल," बाई म्हणाल्या. "तीस कुमारी हव्यात. आणि कुमारी म्हणजे कुमारी."

त्यांचा आवाज इतका थंड होता की कपाटाची गरज नव्हती. दिवसभर दुसरं वाक्य नाही. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवार, १६ एप्रिल

नळ्या दोन प्रकारच्या. ताळ्यासाठी पाच: चिरी डोळ्यांचे खरे चि., न तापलेल्या नळ्यांतले, आणि कु. परीक्षेच्या पाच: 'चि.?' आणि कु. सगळ्या गरम कपाटात, लवकर कळावं म्हणून.

आज ताळ्याच्या पाचही नळ्यांत अळ्या. खाण्यात बोगदे करत सुटल्यात. परीक्षेच्या नळ्यांत गोल डोळ्यांचे पठ्ठे कुमारींच्या मागे पंख हलवत गाणी म्हणतायत, पण खाणं गुळगुळीत. बाई म्हणतात, अजून थांब. कधी कधी उशीर होतो.

एक डाग दिसला खाण्यावर. अळी वाटली. दोन तास मी तोंडात घास घातला नाही. बुरशी निघाली.

शनिवार, १९ एप्रिल

बाई दर तासाला येऊन बघतात. मी दर अर्ध्या तासाला. काकांनी आज मला 'पाहुणे' म्हटलंच नाही. सरळ "ए गाढवा, बुचं वाळव" म्हणाले. दीड महिन्यात माणूस किती घसरतो बघ, आधीचा मान राहिला नाही.

सोमवार, २१ एप्रिल

सकाळी ताळ्याच्या नळ्यांत कोष काळे झाले होते. आज-उद्यात पंख बाहेर येतील.

परीक्षेच्या पाच नळ्या सर स्वतः घेऊन बसले. एकेक नळी उजेडाला धरली, फिरवली, खाण्यात सुई घालून बघितलं. बाई त्यांच्या मागे उभ्या. त्यांनी माझी बाही धरली होती, त्यांना बहुतेक ते कळलंही नव्हतं. पहिली नळी. दुसरी. तिसरी. चौथीत सर खूप वेळ थांबले. मग खाली ठेवली. पाचवी.

"काहीच नाही," सर म्हणाले.

बाई खाली बसल्या. खुर्ची नव्हती तिथे, जमिनीवरच बसल्या. काका दारात होते, ते डोळे पुसत म्हणाले, "यीस्टचा वास जातो डोळ्यात." सर जाता जाता म्हणाले, "उद्या समितीला मी सांगेन, घराणं शुद्ध आहे." दारापाशी थांबले. मला वाटलं आता माझं. पण ते म्हणाले, "रजिस्टर नवीन घ्या. आणि पंखा दुसऱ्या भोकात लावा, ते करायला तारवाल्याला बोलावलंय. लिफ्टचा हुकूम."

मग बाईंनी गोल डोळ्यांची नळी घेतली, माझ्या अक्षरातलं प्रश्नचिन्ह थुंकी लावून पुसलं, आणि पुढे आणखी एक अक्षर लिहिलं: 'चि. कु.'

"असं कोणाच्या नावाआधी लिहीत नाहीत," मी म्हणालो.

"आता लिहितात," त्या म्हणाल्या. "आणि उद्या सातला ये."

परत सातला! ज्या दिवशी काही घडत नाही त्या दिवशी मी वही उघडत नाही. आज पाच नळ्यांत काहीच घडलं नाही, आणि त्यावर दोन पानं भरली. नवीन रजिस्टरची पहिली ओळही भरून झाली: सोळा. दार उघडून, वाकून, स्वतः बघून.

सातला म्हणजे साडेसहाला निघायला हवं. वैताग आहे नुसता.